पहिले दहा छर्रे

आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि तो ज्यांच्यामुळे आला त्यांचं नाव दत्तात्रय लक्ष्मण कुलथे. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते कुणी मोजत नाही. बाकी जे काही मी झालो ते कुलथे सरांमुळे, हे मी सत्कारात, सभेत, पाहुण्यारावळ्यांत पुष्कळदा सांगितलं आहे. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. सरांची आठवण निघाली की मला अभिमानाच्या आधी लाज वाटते. ती लाज मूळची सरांची. मी फक्त तिच्या शेजारी बसलो होतो.

सर कोपरगावात हायस्कूलला शास्त्र शिकवायचे. ठेंगणे, काटक, पांढरा सदरा नेहमी एका मापाने जास्त ढगळ. खिशात पेनाशेजारी सोनाराचं भिंग. सरांचे वडील सोनारकाम करायचे. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा सरांनी दुकान थोरल्याला सोडलं आणि वडिलांचा काटा तेवढा मागून घेतला. छोटी पितळी पारडी, रेशमी दोऱ्या, वजनाच्या गुंजांनी भरलेली लाकडी डबी. थोरले म्हणाले, "दत्तू, काटा नेतोस खरा, पण सोनं कुठून आणशील?"

"मोजायला सोनंच लागतं असं कुणी सांगितलं?" सर म्हणाले.

आणि खरंच, त्या काट्यावर काय काय चढलं! ओला खडू आणि वाळलेला खडू. दोन दुकानांतल्या साबणाचे सारखे दिसणारे तुकडे. एकदा तर नुकत्याच केस कापून आलेल्या मुलाच्या कॉलरवरचे केससुद्धा. वर्गात कुणी म्हणालं, "सर, हे जड आहे," की सर तळहात पुढे करत. "हे तुझं मत झालं. माप कुठाय?" आम्ही त्यांची नक्कल करायचो. हॉटेलात कुणी चहाला गोड म्हटलं की माझा मित्र दिन्या हात पुढे करून घशातून सरांचा आवाज काढायचा, "माप कुठाय?" गल्ल्यावरचा मालकही हसायचा, कारण तोही सरांचाच विद्यार्थी.

उन्हाळ्याच्या तोंडावर आठवडे बाजारात सर माठ घ्यायला निघाले की ती बातमी असे. कुंभाराच्या ओळीत ते पहिल्या माठापासून सुरुवात करत. बोटाच्या पेराने टिचकी मारायची, कान लावायचा, पुढे सरकायचं. त्यांच्यामागे पाच-सहा बायका पदर सावरत उभ्या राहत. सरांनी घेतला त्याच्या शेजारचा माठ आपण उचलायचा, असा त्यांचा हिशेब. कुंभारीण वैतागून म्हणायची, "मास्तर, माठ हाय का नवरी हाय? किती वाजवून बघताल?"

"नवरीला एवढं वाजवलं नव्हतं," सर म्हणायचे.

यावर काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, उत्तर तयार असे. घरी गेलो की त्या चहा देताना सांगत, "अरे, ह्यांनी दोन मुली पाहिल्या. आधी येवल्याची, मग मी. मी दुसरी म्हणून पसंत पडले. पहिलीच्या वेळी हे घाबरलेले होते, तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नसेल." सर मान खाली घालून बशीतला चहा पीत आणि गालात हसत. हा विनोद मी त्या घरात इतक्यांदा ऐकला की त्याच्याकडे माझं लक्षच जाईनासं झालं. पुढे तो एकदम वेगळाच ऐकू आला.

माझे वडील कारखान्याला ऊस ओढायचे, बैलगाडीने. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, आधीच्या वर्षी मी गणितात गटांगळ्या खाल्ल्या, तेव्हा त्यांनी ठरवलं की यंदाच्या हंगामाला पोरगं गाडीवर. सरांना कळलं, तर ते संध्याकाळी आमच्या झोपडीवजा घरी आले. आईने घोंगडी अंथरली. वडिलांनी सरळच विचारलं, "सर, खरं सांगा. पोरगं शिकायच्या लायकीचं हाय का न्हाई?"

दुसरा कुणी मास्तर असता तर म्हणाला असता, हिरा आहे तुमचा पोरगा. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "आत्ता सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मला एक वर्ष द्या. तपासून सांगतो."

वडील चक्रावले. पण त्यांना ते पटलं. बैल घेतानाही ते असंच करत, आठवडाभर जुंपून बघत. ते वर्षभर मी सरांच्या ओसरीवर अभ्यास केला, त्यांच्या घरी जेवलो, आणि सरांनी मला एकदाही शाबास म्हटलं नाही. अकरावीचा निकाल लागला त्या दिवशी ते पुन्हा आमच्या दारात आले. वडील बैलांना पाणी दाखवत होते. सर लांबूनच म्हणाले, "चालेल."

एवढंच. वडिलांनी तो शब्द गावभर सांगितला. "कुलथे सर चालंल म्हनलं," असं ते मरेपर्यंत सांगत होते. सरांच्या तोंडच्या 'चालेल'ची आमच्या भागात काय किंमत होती, ते लक्षात यावं म्हणून हे लिहिलं.

मी कॉलेजात गेलो त्याच सुमारास सरांनी नेमबाजी मंडळ काढलं. नदीकडच्या रस्त्याला गुळाचं एक रिकामं गोदाम होतं. भिंतींना अजून गुळाचा वास होता आणि पावसाळ्यात मुंगळे यायचे. तिथे दोन एअरगन, वाळूच्या पिशव्या, पलीकडच्या टोकाला गोणपाटाचा पडदा आणि त्यावर टाचलेले टार्गेटचे कागद. एकाहत्तरच्या लढाईनंतर तर पोरांची रीघ लागली. जिल्ह्यात ठिकठिकाणी अशी मंडळं होती आणि वर्षातून एकदा त्यांची नगरला स्पर्धा होई.

अडचण छर्ऱ्यांची होती. एअरगनचा छर्रा म्हणजे शिशाचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा, मध्ये कंबर बारीक, मागचा भाग पोकळ घागऱ्यासारखा. चांगले छर्रे विलायतेचे. ते मुंबईहून कुणाकुणाच्या हातापाया पडून आणावे लागत. एक डबी आली की सर ती कपाटात कुलूप लावून ठेवत. आम्हाला सरावाला हलके देशी छर्रे. ते नळीत कधी अडकत, कधी सैल पडत.

अशा वेळी रामभाऊ ओतारी मंडळात आले. पन्नाशीचे, हातांवर भाजल्याचे जुने डाग. बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि गोदावरीवरच्या कोळ्यांच्या जाळ्यांना वजनासाठी लागणारी शिसं ओतणं हा त्यांचा धंदा. त्यांनी फडक्यात बांधून आणलेले छर्रे सरांपुढे ओतले.

"विलायती एक नग मिळाला हुता. त्येच्यावरनं साचा पाडलाय," ते म्हणाले. "सून दाबती, मी निवडतो. तुमी बगा, सर. तुमी चालंल म्हनला तर समदी मंडळं घेत्यात. न्हाईतर घंटा हायेतच."

सरांचे डोळे चमकले. मला आठवतं, त्यांनी लगेच भिंग काढलं. मग कितीतरी संध्याकाळी आम्ही तेच करत होतो. छर्ऱ्यावर नखाने ओरखडा उठतो का बघायचं, म्हणजे शिसं मऊ आहे. काचेच्या तुकड्यावर छर्रा लोळवायचा. चांगला छर्रा संथ वळण घेत गोल फिरतो, वाकडा असेल तर लंगडतो. मग काटा. एका पारड्यात विलायती, दुसऱ्यात रामभाऊंचा. रामभाऊ दर दोन दिवसांनी दारात येऊन उभे राहत, आत येत नसत.

"काय म्हनतोय काटा?"

"काटा बरा म्हणतोय," सर सांगत. "पण अजून बंदूक बोलायची आहे."

बंदुकीची चाचणी सरांनी फार काटेकोर ठरवली होती. प्रत्येक संध्याकाळी सुरुवातीला नळी गजाने, तेलाच्या चिंधीने स्वच्छ पुसायची. बंदुकीचा दस्ता वाळूच्या पिशवीवर, म्हणजे हात हलायला नको. पाच-पाच छर्रे एका कागदावर. पडलेली भोकं चार आण्याच्या नाण्याखाली झाकली गेली तर उत्तम. आधी रामभाऊंचे दहा, मग विलायती दहा. हा क्रम कुणी ठरवला नाही, तो आपोआपच ठरला. विलायती छर्रा मोलाचा. नुकत्याच पुसलेल्या, थंड नळीत तो कोण वाया घालवणार? आधी देशी छर्ऱ्यांनी नळी जरा चालती करायची, मग विलायती. जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळात हेच चाले. आपल्याकडे नव्या पातेल्यात आधी पाणी उकळून टाकतात, तसं.

आणि निकाल रोज एकच. रामभाऊंच्या छर्ऱ्यांची भोकं कागदभर, दाणे फेकल्यासारखी. विलायती छर्ऱ्यांची नाण्याखाली. सरांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. ते पुन्हा चाचणी घेत, पुन्हा नळी पुसत, पुन्हा तेच.

नगरला स्पर्धेच्या आधी सगळ्या मंडळांची बैठक झाली. आम्ही तिघेचौघे सरांबरोबर होतो. रामभाऊही आले होते, दाराशी चपला काढून भिंतीला टेकून बसलेले. अध्यक्षांनी विचारलं, "कुलथे सर, तुमच्या गावच्या त्या छर्ऱ्यांचं काय? सगळ्यांनी मागवायचे का?"

सर उभे राहिले. त्यांनी सगळं नीट सांगितलं. शिसं, वजन, भोकं. मग म्हणाले, "थोडक्यात, स्पर्धेला चालणार नाहीत." आणि सभा गंभीर झाली म्हणून असेल, किंवा सरांनाही कधी कधी टाळी घेतलेली आवडायची म्हणून असेल, ते पुढे म्हणाले, "जत्रेतले फुगे फोडायला हरकत नाही."

सभा खो खो हसली. आम्हीही हसलो. मी मागे वळून पाहिलं तेव्हा रामभाऊ चपला घालत होते.

पुढे वर्ष गेलं. रामभाऊंनी छर्ऱ्यांचं काम बंद केलं, हे आम्हाला उडत उडत कळलं. त्यात विशेष काही वाटलं नाही. चाचणी झाली होती.

मग विलायती डबी संपली. मुंबईचा माणूस दुबईला गेला, नवी डबी येईना, आणि स्पर्धा जवळ आली. कपाटात रामभाऊंच्या छर्ऱ्यांच्या दोन पुरचुंड्या पडून होत्या. सर म्हणाले, निदान हात तरी चालू ठेवा. त्या दिवशी मी पिशवीवर बंदूक टेकून बसलो होतो आणि दिन्या पलीकडून कागद बदलत होता. पहिले दहा छर्रे नेहमीसारखे, कागदभर. पण त्या दिवशी दहावर थांबायचं कारण नव्हतं. पुढचे पाच. त्यापुढचे पाच.

दिन्या पलीकडून ओरडला, "सर, ह्यो बाळू आज वशिला लावून बसलाय काय? समदी एका भोकात घालतोय!"

सर गोदामाच्या त्या टोकाला गेले. कागद घेऊन आले. खिशातून नाणं काढून भोकांवर ठेवलं. झाकली गेली. पुढच्या कागदावर ठेवलं. झाकली गेली. त्यांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, गज घेतला, तेलाच्या चिंधीने नळी पुसली आणि म्हणाले, "पुन्हा." पुन्हा पहिले दहा भरकटले, नंतरचे जवळ आले.

मग ते कपाटाकडे गेले. नमुना म्हणून कागदात गुंडाळून ठेवलेले काही विलायती छर्रे तिथे होते. त्यांनी नळी पुसली आणि ते स्वतः मारले, अगदी पहिल्यापासून, तेलकट नळीतून. दिन्याने कागद आणून दिला. विलायती छर्ऱ्यांची भोकं कागदभर, दाणे फेकल्यासारखी.

"तेल," सर म्हणाले. "अरे, हे तेलाचं आहे. नळीला शिशाचा हात बसेपर्यंत कुठलाही छर्रा असाच जाणार. आपण रोज..." ते वाळूच्या पिशवीवर बसले. मी सरांना त्याआधी रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं. लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते, वर्गात चोरी करताना पकडलेल्या मुलासारखे.

घरी काकूंना कळलं तेव्हा त्या सवयीने म्हणाल्या, "म्हणजे येवल्याची चांगली होती म्हणायची!" आणि सरांचा चेहरा पाहून त्यांनी ओठ चावला.

दुसऱ्या दिवशी सर मला आणि कागद घेऊन रामभाऊंकडे गेले. भट्टी चालू होती. सून शिसं वितळवायच्या मुशीजवळ बसली होती. रामभाऊंनी पोतं झटकून सरांना बसायला दिलं, पण सर उभेच राहिले. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. तेल, नळी, क्रम. "रामभाऊ, छर्रे चांगले होते. चूक माझी झाली."

रामभाऊंनी कागद हातात घेतले नाहीत. ते हसले. "ऱ्हाऊ द्या, सर. कशापायी जिवाला लावून घेता?"

"लावून घेण्याचा प्रश्न नाही. खरंच चांगले होते. हे बघा, नाणं ठेवून बघा."

"तुमी देवमानूस. माजं मन राखायला आलात, मला काय कळत न्हाई व्हय?" रामभाऊ म्हणाले. "तुमी एकदा तपासलं, चालनार न्हाई म्हनलात. मग मी बी म्हनलं, कुलथे सर म्हंत्यात म्हंजी वाईटच असतील. साचा भंगारात घातला. छर्रं वितळवून जाळ्याची शिसं केली, कोळी खूश हायेत."

सून मध्येच म्हणाली, "आन् फुग्याचं?"

"गप ए."

"का गप? जत्रंला गेलं की पोरं वरडायची, फुगंवालं आलं, फुगंवालं आलं. नातू रडत घरी यायचा."

सर तिच्याकडे वळले. "बाई, ते मी बोलायला नको होतं."

"झालं की आता," ती म्हणाली, आणि मुशीकडे वळली.

रामभाऊंनी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. सरांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. परत येताना पुलापर्यंत ते भराभर चालले. मग थांबले आणि म्हणाले, "बाळू, त्यांचा माझ्या चुकीवर विश्वास बसत नाही रे."

म्हणून सरांनी ते जाहीर करायचं ठरवलं. चारचौघांत वाईट म्हटलं, तर चारचौघांतच चांगलं म्हणायचं. नगरच्या स्पर्धेला बक्षीस समारंभाच्या आधी त्यांनी दोन मिनिटं मागून घेतली. मंडप भरलेला होता. सर त्या ढगळ सदऱ्यात माइकपुढे उभे राहिले, हातात ते कागद. "गेल्या वर्षी मी इथे एका कारागिराच्या मालाबद्दल जे बोललो ते चूक होतं," त्यांनी सुरुवात केली. "माझी चाचणीच चुकीची होती. आपण सगळेच तशी चाचणी करतो..." त्यांनी क्रम सांगितला, पहिले दहा छर्रे सांगितले. लोक कुजबुजू लागले. कुणाला नळीतलं तेल ऐकायचं नव्हतं, बक्षिसं व्हायची होती. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, "सर, झालं गेलं गंगेला मिळालं!" सर म्हणाले, "नाही मिळालं. म्हणून तर सांगतो आहे."

मग त्यांनी फुग्यांचा विषय काढला. "तो विनोद करण्याचा मला अधिकार नव्हता. त्या माणसाचा धंदा गेला. मी त्यांची माफी मागतो, आणि तुम्हाला विनंती करतो की..."

विनंती काय ते कुणाला ऐकूच आलं नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या. आधी दोन हात, मग सगळा मंडप. अध्यक्ष उठले, त्यांनी सरांच्या गळ्यात हार घातला आणि माइक ओढून घेतला. "याला म्हणतात मोठं मन! एका साध्या ओताऱ्यासाठी एवढे मोठे सर कमीपणा घेतात. मुलांनो, हा आदर्श ठेवा!"

आम्ही मुलं समोर बसलो होतो. सरांचे कान लाल झालेले होते, गोदामातल्यासारखेच, पण आता गळ्यात झेंडू होता. ते हार काढायला हात वर करत आणि अध्यक्ष तो हात धरून लोकांना नमस्कार करायला लावत. मला माझ्या बुटांकडे बघण्याखेरीज काही सुचेना. त्या मंडपात एकाही माणसाने विचारलं नाही की छर्रे कुठे मिळतील. एकानेही म्हटलं नाही, "कुलथे, तुम्ही चुकलात." त्यांनी चूक आणून दिली होती आणि लोकांनी ती हारात गुंडाळून परत केली.

त्यानंतरचे सर मला ओळखू येईनात. वर्ग घेत, पण "माप कुठाय" कुणी ऐकलं नाही. दुकानदार नवा साबण दाखवायचे, सर म्हणायचे, "वापरून बघा, मला काय विचारता." एक जण मुलाला घेऊन आला. माझ्या वडिलांनी विचारलं होतं तेच त्याने विचारलं. सर म्हणाले, "शिकवा हो, सगळीच मुलं चांगली असतात." मी तिथेच होतो. मुलाचा बाप खूश होऊन गेला. मला वाटलं, माझ्या वेळी हे उत्तर मिळालं असतं तर वडिलांना ते पटलं नसतं आणि मी आज गाडीवर असतो.

पदवी झाल्यावर मला श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. उसाचा रस तपासायचा, साखर तपासायची. सरांना पेढे द्यायला गेलो तो बाजाराचा दिवस होता, मार्च संपत आलेला. सर मला कुंभाराच्या ओळीतच दिसले. मी हाक मारणार होतो, पण थांबलो. कुंभारीण तीच. तिने सवयीने ओळीतले माठ पुढे सरकवले, मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. सर हात मागे बांधून उभे होते.

"वाजवा की, मास्तर," ती म्हणाली.

"तुम्ही द्याल तो द्या."

"आँ?"

"कुठलाही द्या. चांगलेच असतील."

तिने एक माठ उचलला, जरा घुटमळली, आणि स्वतःच त्याला टिचकी मारून कान लावला. मग सरांच्या हातात दिला. मागच्या बायका एकमेकींकडे बघत निघून गेल्या. सर माठ पोटाशी धरून गर्दीतून चालू लागले. त्यांच्या पाठीवर सदरा अजून ढगळ झाला होता. मी पेढे त्यांच्या घरी काकूंकडे दिले आणि बस पकडली. सरांना मी त्यानंतर बघितलं नाही, निदान खाली देतो ते पत्र लिहीपर्यंत तरी.

ते पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. ज्या माणसाने मला माणसात आणलं त्याला असं लिहायचं कसं, ह्या विचाराने हात अडायचा. त्यामुळेच ते पाठ राहिलं आहे.

"तीर्थस्वरूप कुलथे सरांस, साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दिन्या गोदामात गेलो होतो. कपाटात रामभाऊंच्या छर्ऱ्यांची एक पुरचुंडी राहिली होती. विलायती डबी दिन्याने नाशिकहून मिळवली. तुमच्यासारखंच सगळं केलं, फक्त क्रम बदलला. एक दिवस सुरुवात रामभाऊंची, एक दिवस विलायतीची. ज्याची सुरुवात, ते दहा भरकटले. नळी बसल्यावर दोन्ही चार आण्याखाली. विलायती छर्रा किंचित सरस आहे, हे लिहिलं नाही तर तुम्ही रागवाल. पण तो फरक नाण्याच्या आतला आहे. कागद सोबत पाठवतो आहे.

तेव्हा सर, तुम्ही चुकला होतात. मोठ्या मनाने नव्हे, खरोखर चुकला होतात. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. मंडपात आम्ही समोर बसलो होतो, आणि ते सांगायचं सोडून बुटांकडे बघत होतो.

हेच कागद रामभाऊंना दाखवले. त्यांनी नाणं मागून घेतलं, स्वतः ठेवून पाहिलं. पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, 'आयला, म्हंजी सर खरंच चुकलं हुतं!' आणि त्यांनी तुम्हाला एक शिवी दिली. ती लिहीत नाही, पण मनापासून होती. साचा पुन्हा पाडणार नाहीत, डोळे आता साथ देत नाहीत म्हणतात. सुनेने निरोप दिला आहे, की सरांना म्हणावं, आता चहा घ्यायला या.

इथे प्रयोगशाळेत मी नियम केला आहे, दोन नमुने तपासताना रोज क्रम उलटा करायचा. लोक विचारतात, ही पद्धत कुठली. मी तुमचं नाव सांगतो.

माझ्या खोलीवरचा माठ मी न वाजवता घेतला होता, तो गळतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी कोपरगावला येतो. माठ तुम्ही निवडायचा. ओळीतला पहिला माठ मात्र शेवटी पुन्हा एकदा वाजवून बघू.

काकूंना नमस्कार.

आपला विद्यार्थी,
बाळू"